चाकणचा वेढा आणि संगणकावरचं साम्राज्य

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पाळी म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी. भोसरीतल्या एका कारखान्याच्या उत्पादन नियोजन विभागात मी तीस वर्षं काढली. कोणता सुटा भाग कोणत्या पाळीला असेंब्लीवर हजर पाहिजे, हे ठरवणं माझं काम. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा पाळ्यांतून. पण आमचे चिरंजीव चाकणला नोकरीला लागले आणि एका रविवारी त्यांनी मला घरच्या संगणकासमोर बसवलं. म्हणाले, "बाबा, हा खेळ तुम्हाला जमेल. यातही पाळ्याच आहेत."

खेळाचं नाव 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला हा खेळ पहिल्यांदा १९९१ मध्ये आला. त्याची सातवी आवृत्ती २०२५ मध्ये निघाली. आम्ही खेळतो ती सहावी, २०१६ सालची, आणि २०१८ व २०१९ मध्ये आलेल्या तिच्या दोन पुरवण्या. यात घड्याळ पळत नाही. आपली खेळी विचार करून खेळायची, मग पाळी पुढच्याची. सुरुवात होते इसवी सनापूर्वी ४००० मध्ये. तुमच्याजवळ वसाहत करणारी एक टोळी आणि एक योद्धा, बस्स. षटकोनी घरांच्या नकाशावर पहिलं गाव वसवायचं, शेतं करायची, खाणी खणायच्या, नवं ज्ञान मिळवायचं. नेहमीच्या वेगाचा डाव ५०० पाळ्यांचा असतो. आजूबाजूला तुमच्यासारखीच राज्यं वाढत असतात. त्यांच्यावर मात करण्याचे मार्ग अनेक आहेत. विज्ञानात पुढं जाऊन अंतराळ गाठा, संस्कृतीनं दिपवा, धर्म पसरवा, मुत्सद्देगिरी करा, नाहीतर तलवार उपसा.

आज मी बोलणार आहे ते तलवारीच्या वाटेविषयी. कारण नवखा खेळाडू पहिल्यांदा तिकडंच धावतो. मीही धावलो आणि तोंडावर आपटलो.

माझ्या पहिल्या डावात मी शेजाऱ्याची तीन शहरं घेतली. त्यातलं पहिलं तटबंदीचं होतं, ते घ्यायला मला २२ पाळ्या लागल्या. एकही लढाई हरलो नाही. आणि मी विजयाचा आनंद साजरा करत असतानाच समुद्रापलीकडचा एक राजा, ज्याच्याकडं मी कधी लक्षही दिलं नव्हतं, विज्ञानाच्या जोरावर डाव जिंकून गेला. चिरंजीव पाठीमागून पाहत होते. म्हणाले, "बाबा, लढाया तुम्ही जिंकलात, पण पाळ्या मोजल्या नाहीत." तीस वर्षं पाळ्याच मोजलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं!

पण बोलणं खरं होतं. या खेळात शहराची किंमत सोन्यात नाही, सैनिकांतही नाही, पाळ्यांत मोजायची. वेढ्यात गेलेल्या प्रत्येक पाळीला तुमचे कारखाने धान्याची कोठारं, शाळा, बाजार बांधू शकले असते. ते सोडून त्यांनी भाले बनवले. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की बाकीचे डावपेच आपोआप उलगडत जातात.

पहिली गोष्ट, सगळी शहरं जिंकायची नसतात. युद्धानं डाव जिंकायचा तर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची मूळ राजधानी ताब्यात असावी लागते, एवढीच अट आहे. म्हणून आधी नकाशा उलगडून राजधानीपर्यंतची सर्वांत जवळची वाट शोधावी. त्या वाटेत आडवी येणारी शहरं घ्यावीत, बाकीची सोडून द्यावीत. नवखा माणूस सीमेवरचं दिसेल ते गाव घेत सुटतो आणि फौज राजधानीपाशी पोचेपर्यंत दमून जाते.

दुसरी गोष्ट बळाच्या फरकाची. दोन पलटणींची ताकद सारखी असेल, तर एका टकरीत दोघींचंही शंभरातलं साधारण तीस बळ खर्ची पडतं. पण तुमची ताकद फक्त दहानं जास्त असू द्या, समोरच्याचं सुमारे ४५ जातं आणि तुमचं २०. थोड्या फरकानं निकाल केवढा पालटतो पाहा. म्हणून सारख्याला सारखा भिडणं हा शुद्ध तोटा. नवं शस्त्र आपल्या हाती आलंय आणि शेजाऱ्याच्या हाती अजून आलेलं नाही, त्या थोड्या पाळ्यांतच लढाई करायची. जाणते खेळाडू जुन्या पद्धतीच्या स्वस्त पलटणी आधीच उभ्या करून ठेवतात, तिजोरीत सोनं साठवतात आणि नवं ज्ञान हाती येताच पैसे मोजून सगळ्या फौजेला नवी हत्यारं देतात. आमच्याकडंही नवं मॉडेल यायच्या आधी साचे, जिग, फिक्स्चर तयार ठेवावे लागत. ज्या दिवशी हुकूम येतो त्या दिवशी तयारीला लागणारा माणूस उशीरच करतो.

तिसरी गोष्ट, युद्ध पुकारण्याची रीत. अचानक हल्ला करता येतो, पण मग सगळं जग तुमच्यावर डूख धरतं. आधी जाहीर निषेध करावा, पाच पाळ्या थांबावं, मग रीतसर युद्ध पुकारावं, म्हणजे नाराजी कमी होते. या खेळात आपल्याकडचे दोन नेते आहेत, गांधीजी आणि चंद्रगुप्त मौर्य. चंद्रगुप्ताच्या खास गुणाचं नावच 'अर्थशास्त्र' ठेवलंय. विस्तारासाठी पुकारलेल्या युद्धात पहिल्या दहा पाळ्या त्याची फौज जास्त वेगानं चालते आणि जास्त जोरानं लढते. गांधीजींचं उलटं आहे. त्यांच्याशी लढणाऱ्याच्या प्रजेला युद्धाचा शीण दुप्पट येतो. मराठे मात्र या सहाव्या आवृत्तीत नाहीत. ते हवे असतील तर २००९ सालच्या 'एम्पायर : टोटल वॉर' या दुसऱ्या खेळाकडं जावं लागतं.

चौथी गोष्ट वेढा. शहर दर पाळीला स्वतःची डागडुजी करत असतं. तुम्ही दिवसभर मारा करायचा आणि रात्रीतून त्यांनी सावरायचं, असा प्रकार. पण शहराभोवतीच्या सगळ्या वाटा तुमच्या पलटणींनी रोखल्या की ही डागडुजी थांबते. म्हणून आधी कोंडी, मग मारा. तटावर तलवारी चालवून काही होत नाही. त्यासाठी दगडफेकी यंत्रं लागतात, नाहीतर तट फोडायचा ओंडका. आणि यंत्रांनी तट कितीही पाडला, तरी शहरात पाऊल टाकायला शेवटी पायदळ किंवा घोडदळच लागतं. माझ्याकडं एकदा सहा यंत्रं होती आणि आत शिरायला एकही पलटण उरली नव्हती. कारखान्यात एका चिमुकल्या ब्रॅकेटसाठी सगळी लाइन उभी राहिलेली मी पाहिली होती. इथं तेच झालं.

वेढा कसा घालायचा हे मला खेळानं शिकवलं. वेढा केवढ्याला पडतो हे मात्र चाकणच्या किल्ल्यानं शिकवलं.

पुणे-नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकातल्या कोंडीत अडकलेल्या हजारो माणसांना ठाऊकही नसतं की जवळच, गावात, संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे. आता तिथं पडक्या भिंती आणि थोडे अवशेष उरलेत. एका रविवारी आम्ही बापलेक तिथं गेलो. मी सवयीप्रमाणे हिशेब मांडायला लागलो.

साल १६६०. मोगल सुभेदार शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसलेला. अहमदनगरकडून पुण्याकडं येणाऱ्या त्याच्या रसदेच्या वाटेजवळ चाकण होतं. आज ज्या कारणासाठी चाकणला कारखाने आहेत, त्याच कारणासाठी तेव्हा तिथला किल्ला महत्त्वाचा होता. ते कारण म्हणजे रस्ता. २१ जूनला खानानं वेढा घातला. खानाची फौज हजारोंनी मोजायची आणि किल्ल्यात फिरंगोजी नरसाळा यांच्याबरोबर जेमतेम तीन-साडेतीनशे माणसं होती असं सांगतात. महाराज स्वतः त्या वेळी पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. बाहेरून मदत येण्याची आशा नाही. भर पावसाळ्यात मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग खणला. १४ ऑगस्टला तो उडवला, बुरूज ढासळला आणि १५ ऑगस्टला किल्ला पडला. मोगलांच्या बाजूनं २६८ ठार आणि ६०० जखमी अशी नोंद आहे.

खान जिंकला, यात वाद नाही. पण पाळ्या मोजा. सपाट जमिनीवरच्या एका लहानशा कोटाला जवळजवळ आठ आठवडे लागले. समोर सह्याद्रीत डोंगरी किल्ल्यांची रांग उभी होती, आणि ते किल्ले सुरुंगानं सहज उडणारे नव्हते. त्या आठ आठवड्यांतच, १३ जुलैच्या रात्री, महाराज पन्हाळ्यावरून निसटले. पुढं ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात काय झालं ते आपल्याला पाठच आहे. बोटं गमावून खान बंगालला रवाना झाला. फिरंगोजींनी किल्ला गमावला, पण शत्रूचा पावसाळा खाल्ला. हरणाऱ्याच्या हातातही एक शस्त्र असतं, ते म्हणजे समोरच्याच्या पाळ्या खर्ची घालणं. खेळात माझं सीमेवरचं शहर वाचणार नाही असं दिसलं, तरी आता मी त्याला तट बांधतो, ते त्याचसाठी. अर्थात खेळात पलटणी पुसल्या जातात, चाकणला माणसं मेली. हा फरक विसरून या गोष्टी बोलू नयेत.

पाचवी गोष्ट मला चिरंजीवांनी शिकवली, तीही माझ्याविरुद्ध खेळून. या खेळात एकाच संगणकावर दोघांना आळीपाळीनं खेळता येतं. चिरंजीवांची बहुतेक रात्रपाळी. ते सकाळी कंपनीच्या बसनं घरी येतात तेव्हा मी निगडीच्या बागेत फिरायला गेलेलो असतो. मी परत येईतो ते झोपलेले. आठवड्यात धड दोन वाक्यं बोलणं होत नाही. मग आम्ही एक डाव मांडला. सकाळी त्यांची पाळी, संध्याकाळी माझी. संगणकाशेजारी चिठ्ठी असते, "बाबा, पाळी तुमची."

एके दिवशी पाहतो तर त्यांच्या सीमेवरचं एक शहर जवळजवळ मोकळं. मी तीन पाळ्यांत घेतलं. मोठ्या दिमाखात चिठ्ठी लिहिली, "आहे का कुणी?" चार-सहा दिवसांत माझ्या लक्षात आलं की शहराची निष्ठा दर पाळीला घसरतेय. कारण ते तिन्ही बाजूंनी त्यांच्या शहरांनी वेढलेलं होतं, माझं जवळचं शहर दूर होतं. खेळात आसपासची वस्ती ज्याची, त्याच्याकडं लोकांचा ओढा असतो. मी फौज ठेवली, कारभारी नेमला, पण उशिरा. शहरानं बंड केलं, स्वतंत्र झालं आणि थोड्याच पाळ्यांत त्यांना जाऊन मिळालं. एक बाणही न सोडता त्यांनी ते परत मिळवलं. तोवर माझी फौज तिकडं गुंतल्यामुळं इकडची दोन कामं रखडली होती.

चिठ्ठीवर उत्तर होतं, "पुरंदर आठवा."

१६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले, १२ राखले. त्याआधी १६६० मध्ये पन्हाळाही आदिलशहाला देऊन टाकला होता, कारण दोन शत्रूंशी एकाच वेळी लढणं परवडणारं नव्हतं. एक आघाडी मिटवली आणि दुसरीकडं तोंड वळवलं. पुढं १६७० मध्ये कोंढाण्यापासून किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली, १६७३ मध्ये पन्हाळाही आला. दिलेलं परत मिळवता येतं, गेलेली फौज आणि गेलेला वेळ मिळत नाही. खेळातही तहात शहर देता येतं. ते देताना हात थरथरतो, पण दोन शेजारी एकदम अंगावर आले असतील तर एकाला काहीतरी देऊन गप्प बसवावं, हेच शहाणपणाचं. जिंकताना याची उलटी बाजू लक्षात ठेवावी. जे शहर आपल्याला सांभाळता येणार नाही, ते घेऊच नये.

तर ज्यांना हा खेळ खेळायचाय, त्यांनी युद्ध पुकारण्याआधी एका कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहावीत. हे शहर किती पाळ्यांत पडेल? पडल्यावर माझ्याकडं टिकेल का? आणि तेवढ्या पाळ्यांत समुद्रापलीकडचा तो तिसरा काय करून बसलेला असेल? तिन्ही उत्तरं मनासारखी आली तरच तलवार उपसावी. माझा अनुभव सांगतो, दहांतल्या सात वेळा ती म्यानातच राहते आणि शाळा बांधली जाते. आणि ज्याच्या शाळा जास्त, त्याच्या तोफा आधी येतात, हेही या खेळाचंच गणित आहे.

आमचा घरचा डाव अजून चालू आहे. त्यांची राजधानी माझ्या सीमेपासून सात घरांवर आहे. तोफा तयार आहेत, वाटेतलं एकच शहर घ्यावं लागेल, हिशेब मी दोनदा तपासलाय. चौदा पाळ्या लागतील. म्हणजे आमच्या घरच्या कॅलेंडरनं दोन आठवडे. निषेधाचं बटण अजून दाबलेलं नाही. राजधानी पडली की डाव संपणार, आणि सकाळची चिठ्ठीही. तेव्हा सध्या तरी मी आणखी एक शाळा बांधतोय. चिरंजीव हे भाषण ऐकत असतील तर त्यांनी याचा अर्थ लावू नये. तट मात्र बांधून ठेवावा.