कॅमेऱ्यापुढे वस्तीतली पोरं

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं बूलोन-स्युर-मेर हे मासेमारीचं मोठं बंदर. तिथल्या पिकासो या गरीब वसाहतीत सिनेमाचं युनिट येतं, वस्तीतल्याच मुलामुलींच्या ऑडिशन घेतं आणि चौघांना निवडतं. लगेच शेजारीपाजारी विचारू लागतात, नेमकी सगळ्यांत वाया गेलेलीच पोरं कशी सापडली? लीझ अकोका आणि रोमान गेरे या दोघींनी दिग्दर्शित केलेल्या, २०२२ साली कान महोत्सवात 'अं सर्तें रगार' विभागाचं प्रमुख पारितोषिक मिळवणाऱ्या 'ले पीर' (सगळ्यांत वाईट) या चित्रपटाची ही गोष्ट. वस्तीची बदनामी होते का, हा वाद त्यात आहेच आणि रहिवाशांचा राग मला रास्त वाटतो. पण चित्रपटाचा गाभा मला दुसरीकडे दिसतो: कॅमेरा चालू असताना आपण अभिनय करतोय, हे त्या मुलाला ठाऊक असतं का?

चित्रपटातला दिग्दर्शक गाब्रिएल हा फ्लेमिश गृहस्थ काही राक्षस नाही. पोरांवर त्याचा जीव आहे, म्हणून तर प्रसंग जास्त बोचतो. शाळेच्या आवारातल्या मारामारीचं दृश्य हवं तसं पेटत नाही, तेव्हा तो इतर मुलांना रायनला डिवचायला लावतो. आईपासून दूर, थोरल्या बहिणीकडे राहणारा हा तापट पोरगा खरोखर खवळतो. शॉट मिळतो, पण तो रायनने दिलेला नसतो, त्याच्याकडून काढून घेतलेला असतो. फ्रान्समध्ये सोळा वर्षांखालच्या मुलाला चित्रपटात घ्यायचं तर सरकारी परवानगी लागते आणि मानधनाचा मोठा भाग तो सज्ञान होईपर्यंत सरकारी वित्तसंस्थेत ठेवला जातो. पैशाला असं कुलूप लावता येतं, रागाला आणि दुःखाला नाही. धाकट्या भावाच्या मृत्यूतून न सावरलेल्या, वस्तीने नावं ठेवलेल्या, निवडलेल्या चौघांतल्याच लिलीला सिनेमाने दिलेलं महत्त्व हवंहवंसं वाटतं, आणि अशा मुलीने दिलेला होकार कागदावर पक्का असला तरी आतून किती पक्का, हे कोणत्याही अर्जातून कळत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: अकोका आणि गेरे या दोघींनी तरी वेगळं काय केलं? त्यांनीही नवखी मुलंच घेतली. खरं आहे, आणि मुलांच्या निवडीचं व तयारीचं काम केलेलं असल्याने हा आरोप त्यांना नवा नसणार. पण पडद्यावरचे रायन आणि लिली ही लिहिलेली पात्रं आहेत. तिमेओ माओ आणि मालोरी वानेक ही मुलं दुसऱ्या नावाने, दुसऱ्याचं दुःख उभं करतात. तो आडोसा गाब्रिएलने रायनला ठेवलेला नाही. दुसरा आक्षेप संधीचा. संधी मिळते, हे नाकारून कसं चालेल? पण शूटिंग संपलं की बहुतेक मुलं होती तिथेच उरतात. मीरा नायर यांनी १९८८च्या 'सलाम बॉम्बे!'मध्ये मुंबईच्या रस्त्यावरची मुलं घेतली, त्याआधी त्यांची कार्यशाळा भरवली आणि नंतर 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला. नंतरचा विचारही निर्मितीतच धरता येतो, तो असा. राहिला तिसरा आक्षेप, की मुलाला सगळं समजावून सांगितलं तर उत्स्फूर्तपणा मरतो. वानेकने लिली समजून-उमजून साकारली. त्या कामासाठी तिला सेझार पुरस्काराचं नवोदित अभिनेत्रीचं नामांकन मिळालं, आणि २०२४च्या 'लामूर उफ'मध्ये ती प्रमुख भूमिकेत दिसली.