शिडाचं शास्त्र, भाग 5 : छप्पन्न फूट, चोवीस तास

मागच्या भागात आपण होडीचा तळ आणि त्याखालचं वजन पाहिलं. वजन होडीला उलटू देत नाही, शिडं तिला पुढे नेतात. मग आतल्या माणसांनी दिवसभर करायचं काय? खडकवासल्याच्या पाण्यात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या छोट्या होड्या चालवायला शिकतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. थोड्या वेळात काठ येतो, जेवण मेसमध्ये होतं. महासागरात मात्र होडी हेच घर, आणि ते घर रात्रीही चालतच राहतं.

हे समजून घ्यायला आपल्याकडे नामी उदाहरण आहे. 'म्हादेई' आणि 'तारिणी' या नौदलाच्या दोन्ही होड्या गोव्यातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात, एकाच डच आराखड्यावरून बांधल्या गेल्या. लांबी 56 फूट. ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. सप्टेंबर 2017 मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून निघाल्या आणि मे 2018 मध्ये परतल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच 'तारिणी'तून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या, मे 2025 मध्ये गोव्यात पोचल्या. म्हणजे घर तेवढंच, माणसं कधी एक, कधी दोन, कधी सहा.

पहिला हिशोब झोपेचा. सहा जण असतील तर दोघादोघांच्या तीन पाळ्या पडतात. चार तास पहारा, आठ तास मोकळे. त्या आठांत स्वयंपाक, दुरुस्ती, सफाई वजा केली तरी सलग झोप उरते. दोघांत एक जागा, एक झोपलेला. गाठ पडते ती पाळी बदलताना. वादळात शीड कमी करायचं झालं की झोपलेल्यालाही उठवावं लागतं. एकट्याला पाळीच नाही. मोठं मालवाहू जहाज ताशी 35 किलोमीटरने येतं. धूसर हवेत ते दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटंच मिळतात. म्हणून वर्दळीच्या पट्ट्यात एकटा खलाशी गजर लावून तेवढ्याच डुलक्या घेतो.

झोपलेल्या माणसाची होडी चालवतं कोण? मागच्या बाजूला एक पातं असतं. वाऱ्याची दिशा आणि होडीचा रोख यांतला कोन बदलला की पातं कलतं आणि त्याला जोडलेली यंत्रणा सुकाणू वळवते. वीज लागत नाही. मात्र वाराच फिरला तर होडीही त्याच्यामागे फिरते, म्हणून दिशा तपासत राहावं लागतं. आणि एवढं करून वेग किती? रात्रंदिवस चालून दोनशे ते पावणेतीनशे किलोमीटर. पुण्याहून सोलापूर गाठावं इतकंच.

दुसरा हिशोब पाण्याचा. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असलं तरी ते वीज खातं आणि बिघडूही शकतं, त्यामुळे टाकीतल्या पाण्याची उधळपट्टी चालत नाही. भांडी खाऱ्या पाण्यात विसळतात. अंघोळ पावसावर. शिडावरून ओघळणारं पहिलं पाणी मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मग बादल्या लावायच्या. एकट्याला टाकी पुरते. सहा जणांची तहान मात्र सहापट असते.

स्वयंपाकघरात शेगडी दोन टोकांना टांगलेली असते. होडी कलली तरी ती सपाट राहते. तरी स्वयंपाक करणारा कमरेला पट्टा बांधून उभा राहतो. पालेभाज्या पहिल्या काही दिवसांत संपतात. कांदे-बटाटे टिकतात, नंतर डाळ-तांदूळ आणि पाकिटबंद जेवण. दक्षिण महासागरात ओले कपडे वाळतच नाहीत, बिछानाही दमट राहतो. झोपताना घरंगळू नये म्हणून कडेला कापड ताणून बांधतात.

उरलेला दिवस दुरुस्तीचा. घासणाऱ्या दोऱ्या बदलायच्या, शिडाची फाटलेली शिवण घालायची, पाणी कुठून झिरपतं ते शोधायचं. एवढं करूनही 2018 मध्ये सुकाणूच्या बिघाडामुळे 'तारिणी'ला मॉरिशसला थांबावं लागलं. जानेवारी 2025 मध्ये दिलना आणि रूपा प्रशांत महासागरातल्या पॉइंट निमोवरून गेल्या. तिथून सर्वांत जवळची जमीन सुमारे 2,688 किलोमीटर दूर. अशा ठिकाणी सुतार, गवंडी, डॉक्टर सगळं आपणच.

माणसं वाढली म्हणून होडीचा वेग वाढत नाही, झोप वाढते; आणि त्या झोपेची किंमत पाण्यात, धान्यात, जागेत मोजावी लागते. एकटा खलाशी पाण्याने श्रीमंत, झोपेने दरिद्री. सहा जणांचं नेमकं उलटं. 11 सप्टेंबर 2025 रोजी लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांच्या नेतृत्वाखाली तिन्ही दलांतल्या दहा जणी मुंबईहून 'त्रिवेणी'तून निघाल्या. ती होडी तर 50 फुटांचीच. पाळ्या लावणं सोपं, पण टाकी आणि कोठार यांचा हिशोब त्यांना आणखी काटेकोर करावा लागणार, हे आता वाचकांना सहज कळेल.

पुढच्या भागात : वारा समोरून असतानाही होडी पुढे कशी जाते?