आरती दिसते, पण ऐकू येत नाही

भाद्रपदात चवथीच्या दिवसांत डिचोलीच्या वाड्यावाड्यांतून घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या साथीने आरत्यांचा जो गजर रात्री उशिरापर्यंत चालतो, आणि पुढे शांतादुर्गेच्या नव्या सोमवारी पालखीबरोबर ज्या गायनाच्या बैठकी रंगतात, त्यांचा श्रोता आता केवळ मंडपात बसलेला गावकरी राहिलेला नाही. पोटापाण्यासाठी मुंबईस, आखातात किंवा त्याहूनही दूर गेलेली मंडळी असे सोहळे यूट्यूबवर पाहू लागली आहेत. आणि त्यांच्यासाठी एखादा हौशी तरुण कॅमेरा, लॅपटॉप व साउंडवाल्याच्या मिक्सरमधून ओढून आणलेली एक केबल एवढ्याच सामग्रीवर थेट प्रक्षेपणाची तजवीज करतो. थोड्याच वेळात परगावाहून फोन येतो, "चित्र दिसता, पूण आवाज येना," आणि सारा आळ त्या लॅपटॉपवर येतो. वस्तुतः अशा प्रकरणाची नीट चौकशी केली, तर लॅपटॉप बहुधा निर्दोष सुटतो. त्याला काय दिले आणि किती दिले, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच खरा दोष दडलेला असतो.

'काय दिले' हा प्रश्न घुमटामुळे फार चांगला उलगडतो. दोन्ही बाजूंनी उघडे असलेले मातीचे भांडे, त्याच्या मोठ्या तोंडावर ताणलेले चामडे, आणि दुसरे तोंड डाव्या तळव्याने झाकत-उघडत नादाला दिलेले वळण, असे हे वाद्य गोवा सरकारने 2019 साली राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढत असे. वन्यजीव कायद्याच्या बंदीनंतर बकऱ्याचे चढू लागले. त्याचा नाद एवढा दमदार की मंडपात त्याला माइक लावण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. साउंडवाला माइक देतो तो गाणाऱ्याला आणि पेटीला, कारण भरल्या मंडपात तेच दबतात. आणि त्याच्या दृष्टीने त्याचे काम चोख झालेले असते. परंतु मिक्सरमध्ये जे शिरलेच नाही, ते मिक्सरमधून बाहेर तरी कसे पडावे? मंडपातल्या माणसाच्या कानी पूर्ण आरती पडते, तर दुबईतल्या माणसाला घुमटाविना, टाळांविना, कोरड्या गळ्याची आरती ऐकू येते. समोर बसलेल्या श्रोत्यासाठी बांधलेले मिश्रण दूरच्या श्रोत्याला जसेच्या तसे देता येत नाही, हे एकदा पटले की निम्मी वाट सरली. घुमटापासून हात-दीड हातावर एक माइक आणि मंडपाच्या एकंदर घोषासाठी थोडा दूर आणखी एक, असे दोन माइक ठेवावेत. ते मंडपातल्या कर्ण्यांना मुळीच न देता, मिक्सरवरच्या 'ऑक्स' नावाच्या स्वतंत्र वाटेने लॅपटॉपकडे न्यावेत. ही वाट 'प्री-फेडर' ठेवली, म्हणजे साउंडवाल्याने मंडपासाठी एखादा फेडर खाली ओढला तरी दूरच्या श्रोत्याचा आवाज त्याबरोबर बुडत नाही. कंडेन्सर जातीचा माइक असेल तर 48 व्होल्टचे बटण दाबलेले आहे ना, एवढी खातरजमा आधी करावी.

आता 'किती दिले' याचा तपशील. माइकमधून निघणारा विद्युत्संकेत काही मिलिव्होल्टचा असतो; उलट मिक्सरच्या मुख्य निर्गमावर, म्हणजे मेन आउटवर, व्यावसायिक मानाने तो सुमारे 1.23 व्होल्ट एवढा बलवान असतो. लॅपटॉपचे माइकचे छिद्र पहिल्यासाठी घडवलेले, आणि आपण त्यात दुसरा ओततो. मग आवाज फाटला, चरचरला, तर त्यात नवल ते काय? शिवाय हल्लीच्या लॅपटॉपांना हेडफोन आणि माइक यांचे मिळून एकच छिद्र असते, आणि त्याला चार कड्यांची पिन लागते. बाजारात मिळणारी तीन कड्यांची साधी पिन त्यात खुपसली, की लॅपटॉप तिला हेडफोन समजतो, माइकची कडी जमिनीशी जोडली जाते आणि पडद्यावरचा मापक निपचित पडून राहतो. यावर उपाय एकच, आणि तो महागही नाही: लाइन पातळीचा संकेत घेणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस मध्ये घालावा, किंवा यूएसबी असलेलाच मिक्सर घ्यावा.

सर्वांत चमत्कारिक तक्रार मात्र निराळीच. हेडफोन लावून ऐकणारा म्हणतो, आवाज येतो पण पोकळ; मोबाइलच्या एकाच स्पीकरवर ऐकणारा म्हणतो, गायक ओठ हलवतो आहे एवढेच. दोघेही खरे बोलत असतात. मिक्सरच्या बॅलन्स्ड निर्गमात एकच संकेत दोन तारांवरून जातो, एकीवर सरळ आणि दुसरीवर उलटा, जेणेकरून वाटेत शिरलेली खरखर शेवटी वजा व्हावी. ही जोडी स्टिरिओ केबलने इंटरफेसच्या स्टिरिओ छिद्रात नेली, की डाव्या कानाला सरळ आणि उजव्याला उलटा संकेत मिळतो. एका स्पीकरवर दोन्हींची बेरीज होते, आणि ती बेरीज शून्य. ओबीएस या प्रक्षेपणाच्या प्रणालीत 'मोनो'च्या चौकटीत खूण करून पाहावी. त्याबरोबर गळा नाहीसा झाला तर चोर सापडला. मग स्टिरिओ केबल काढून एकेरी मोनो केबल एकाच वाहिनीत जोडावी.

सतत घुमणाऱ्या 'हूं' आवाजाचे मूळ बहुधा विजेच्या 50 हर्ट्झच्या लहरीत असते. मिक्सर एका फळीवरून आणि लॅपटॉप दुसऱ्या फळीवरून वीज घेत असला, की जमिनीच्या तारांचे वेटोळे तयार होते. चार्जर क्षणभर काढून पाहावा. घरघर थांबली तर निदान झाले. दोघांना एकाच फळीवर आणावे, तेवढ्याने भागले नाही तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. काही उतावळे कारागीर अर्थिंगची पिनच काढून टाकतात. पावसात भिजलेल्या मंडपात, जिथे गायकाच्या ओठांशी लोखंडी माइक असतो, तिथे हा जिवाशी खेळ आहे, आणि तो करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

लॅपटॉपच्या पोटातला कारभार त्यामानाने सोपा. विंडोजमध्ये ध्वनीचे साधन म्हणून अंगचा माइक निवडलेला नाही ना, आणि मापक हलतो तो खरोखर मिक्सरमुळेच ना, हे माइकवर टिचकी मारून पाहावे. नमुन्यांची गती सर्वत्र 48 किलोहर्ट्झ ठेवावी. गोंगाट कमी करणारी स्वयंचलित सोय आधी बंद करावी, कारण अखंड झंकारणारा तंबोरा तिच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखाच असतो आणि ती तो निमूटपणे पुसून टाकते. ओबीएसचा मापक -9 डेसिबलपासून लाल होतो. घुमटाचा सर्वांत जोरकस ठोका पिवळ्याच्या वरच्या टोकापाशी राहील असे बसवले, म्हणजे आरती टिपेला पोहोचल्यावरही आवाज फाटत नाही. आवाज चित्राच्या आधी पोहोचत असेल तर एकदा टाळी वाजवून अंतर मोजावे आणि तेवढे मिलिसेकंद ध्वनीला थांबवावे. इंटरनेट अशक्त असेल तर कात्री चित्राला लावावी: स्टिरिओ ध्वनीला सेकंदाला 128 किलोबिट पुरतात, स्वच्छ चित्र मात्र काही हजार मागते. आरती धूसर दिसली तर माणूस ऐकत बसतो. तुटक ऐकू आली तर उठून जातो.

आणि उत्सव समित्यांना एक विनंती. साउंडवाल्याशी करार करतानाच प्रक्षेपणासाठी स्वतंत्र ऑक्सची वाट, दोन जादा माइक आणि मिक्सरपुरता छोटा यूपीएस, एवढे त्याच्या कानावर घालावे. कारण वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, मिक्सर नाही.