जर्नल पूर्ण, प्रयोग अपूर्ण

आमची लेक डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सत्रात तिचं मायक्रोकंट्रोलरचं जर्नल वेळेआधी पूर्ण झालं. प्रत्येक पानावर सही, शिक्का. आम्ही दोघांनी सहज विचारलं, "यातला दिवा तू स्वतः पेटवलास का गं?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "नाही अब्बा. एका किटवर आम्ही आठ जणी. एक जण करते, बाकीच्या उतरवून घेतो."

आम्हाला रात्री झोप आली नाही. न केलेल्या कामाखाली सही घेणं म्हणजे खोटी साक्षच ना? शिवाय उद्या मुलाखतीत कोणी हातात तार दिली तर ती काय करणार? तेव्हा तिच्या साठवलेल्या ईदीत थोडी भर घालून आम्ही बोर्ड आणला.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. वॉशिंग मशीन, विजेचा मीटर अशा कितीतरी वस्तूंत तो असतो. इंटेलने १९८० मध्ये आणलेला ८०५१ आजही शिकवला जातो. आमच्या बोर्डावर त्याच घराण्यातली ८९एस५२ चिप होती.

पहिला प्रयोग दिव्याचा. प्रोग्रॅममध्ये १ दिला तर दिवा विझला, ० दिला तर पेटला! लेक चक्रावली. दिव्याचं एक टोक रेझिस्टरमधून ५ व्होल्टला जोडलेलं होतं, दुसरं चिपच्या पिनला. या चिपची पिन करंट पुरवते कमी, आत ओढून घेते जास्त. म्हणून जोडणी अशी उलटी. हे जर्नलात लिहिलेलं होतं, पण तिला कळलं त्या दिवशी.

दुसरा प्रयोग बटणाचा. एकदा दाबलं की आकडा एकने वाढायला हवा. तो कधी तीनने, कधी पाचने वाढे. बटणातला पत्रा टेकताना काही मिलिसेकंद थरथरतो आणि सेकंदाला लाखो सूचना पाळणारी चिप प्रत्येक थरथर मोजते. २० मिलिसेकंद थांबून पुन्हा तपासायला सांगितलं, तेव्हा हिशोब जुळला.

तिसऱ्या प्रयोगात नुकसान झालं. रिले चालवायला मध्ये ट्रान्झिस्टर लागतो आणि रिलेच्या कॉइलला समांतर एक डायोड. कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेज तो जिरवतो. लेकीने डायोड उलटा बसवला आणि ट्रान्झिस्टर जळाला. अम्मी म्हणाली, "असू दे. पोळी पण पहिली करपतेच." (घरातल्या २३० व्होल्टला मात्र आम्ही हात लावू दिला नाही, रिलेवर १२ व्होल्टचाच बल्ब.)

हाताने करून शिकणं आपल्याला परकं नाही. दियारबकिरच्या दरबारातल्या अल-जझरी यांनी १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात जलघड्याळं आणि पाणी उपसण्याची यंत्रं आहेत. ती बनवायची कशी, हेही त्यांनी सविस्तर सांगितलं आहे.

लेकीने त्या तीन प्रयोगांची पानं पुन्हा लिहिली, जळालेल्या ट्रान्झिस्टरसकट. मग मैत्रिणींना घेऊन ती सरांकडे गेली आणि शनिवारी लॅब उघडी ठेवण्याची विनंती केली. सरांनी ती मानली. आता दोघींना एक किट मिळतं.

प्रत्येक घराला बोर्ड घेणं जमेलच असं नाही. मोहल्ल्यातल्या तीन-चार घरांनी मिळून एक घेतला तरी चालतो. आणि मुलं जर्नल दाखवतील तेव्हा सही झाली का, एवढंच विचारू नका. काय चुकलं होतं, तेही विचारा. सांगता आलं तर समजा, प्रयोग खरोखर झाला आहे.