सोळा एकर रान आणि डोंगरभाताचे बी

समजा उद्या तुम्हाला कोणी म्हणाले, "परमुलखात चला, घरटी सोळा एकर जमीन देतो." तुम्ही आधी काय विचाराल? पाणी आहे का, गाडीरस्ता आहे का, आणि सातबारा कोणाच्या नावावर निघणार? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून त्रिनिदाद बेटावर गेलेल्या काही कुटुंबांना हे विचारायची सोयच नव्हती. तिथे पाणी होते, रस्ता नव्हता, आणि जमिनीचा पक्का कागद हातात पडायला तीस वर्षे जावी लागली. तरीही त्यातली बरीच कुटुंबे तगली. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

त्रिनिदाद म्हटले की आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना पोर्ट ऑफ स्पेन आठवते. १९७१ साली सुनील गावसकरांनी पदार्पण केले ते तिथल्या मैदानावर. बेट आकाराने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडे लहान आहे आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला अगदी लागून आहे. साधारण जूनपासून डिसेंबरपर्यंत पाऊस, मग कोरडे दिवस. म्हणजे हवामान आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याला फारसे परके वाटू नये.

आता ही कुटुंबे कोण होती ते पाहू. अमेरिकेच्या दक्षिण भागात तंबाखू, कापूस आणि भाताचे मोठे मळे होते. तिथे राबणारी माणसे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांची लेकरे होती. मळा धन्याचा, पीक धन्याचे आणि राबणारे माणूसही धन्याच्या मालकीचे. बैल विकावा तसे पोर आईपासून तोडून विकता येत असे. १८१२ मध्ये इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात लढाई जुंपली. २ एप्रिल १८१४ रोजी इंग्रजांच्या आरमाराचे प्रमुख कोक्रेन यांनी जाहीरनामा काढला. अमेरिका सोडून जो आमच्याकडे येईल त्याने हवे तर आमच्या फौजेत यावे, नाही तर आमच्या एखाद्या वसाहतीत स्वतंत्र माणूस म्हणून जाऊन राहावे, असा त्याचा मतलब होता. इंग्रजांना गुलामांचा कळवळा आला होता अशातला भाग नाही. शत्रूचे मजूर फोडले की शत्रूचे मळे ओस पडतात, हा त्यातला हिशेब.

पण ज्यांनी ते ऐकले त्यांनी आपला हिशेब केला. व्हर्जिनिया आणि मेरीलँडच्या खाड्यांमधून रात्री होड्या सुटू लागल्या. एकटा जवान गडी पळाला तर समजू शकते, इथे म्हाताऱ्या आया आणि कडेवरची पोरे घेऊन घरेच्या घरे निघाली. पकडले गेले तर फटके, आणि मग दूर कुठेतरी विक्री. चेसापीक उपसागरातल्या टँजिअर नावाच्या बेटावर इंग्रजांचा तळ होता. तिथे पुरुषांची पलटण उभी राहिली आणि बायकापोरांसाठी बाजूला झोपड्या पडल्या. पुढे १८१५ च्या आरंभी जॉर्जियाच्या किनाऱ्यावरून आणखी लोक आले. हे जॉर्जियाचे लोक ध्यानात ठेवा, कारण भातशेती जाणणारे हेच. व्हर्जिनियाकडच्यांचा हात तंबाखूवर बसलेला.

एकंदर चार हजारांच्या आसपास माणसे अशी निसटली. लढाई संपल्यावर अमेरिकेने ती परत मागितली, इंग्रजांनी दिली नाहीत. वाद रशियाच्या बादशहापर्यंत गेला. अखेर १८२६ च्या करारानुसार इंग्लंडने बारा लाख चार हजार नऊशे साठ डॉलर भरपाई दिली. ती मिळाली मळेवाल्यांना. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट घाम गाळला त्यांच्या नावाने त्यात एक पैही नव्हती.

पलटणीतल्या लोकांना तोवर बर्म्युडा बेटावर नेऊन गोदीच्या कामाला लावले होते. तुम्ही आमच्या कायमच्या वेस्ट इंडियन पलटणीत भरती व्हा, असा सरकारचा आग्रह होता. त्यांनी साफ नकार दिला. त्यांना बंदूक नको होती, जमीन हवी होती. तेव्हा सरकारने त्यांना बायकापोरांसह त्रिनिदादला पाठवले आणि २० ऑगस्ट १८१६ रोजी पलटण मोडली. ही सुमारे सातशे माणसे. त्याआधी १८१५ मध्येही काही कुटुंबे तिकडे पोहोचली होती. आपण कोण, तर "अमेरिकन". बोलता बोलता पुढचा 'अ' गळाला आणि त्यांचे नाव पडले 'मेरिकिन'.

त्रिनिदाद इंग्रजांनी १७९७ मध्ये स्पेनकडून घेतले होते. गव्हर्नर होते सर राल्फ वुडफर्ड. उसाच्या मळ्यांवर तिथेही गुलामच होते. आता गुलामांच्या मुलखात हे मोकळे काळे लोक ठेवायचे कुठे? वुडफर्डनी त्यांना मळ्यांपासून बाजूला, दक्षिणेच्या दाट जंगलात बसवले. आजच्या प्रिन्सेस टाऊनच्या पलीकडचा तो भाग. पलटणीतली एकेक कंपनी म्हणजे एकेक गाव. पहिली कंपनी, तिसरी कंपनी, चौथी, पाचवी, सहावी. ही गावे अजूनही त्याच नावांनी ओळखली जातात. दुसऱ्या कंपनीचे गाव मात्र नाही. ती कंपनी वाटेत समुद्रात बुडाली अशी एक कथा सांगतात. गावाचा कारभार त्यांच्यातल्याच हवालदार-नाईकांकडे, आणि सगळ्यांवर मिचेल नावाचा एक गोरा देखरेखनीस.

घरटी सोळा एकर, पहिले काही महिने सरकारी शिधा आणि हत्यारे. ऐकायला बरे वाटते. पण सोळा एकर म्हणजे नांगर घालावा अशी जमीन नव्हती, डोक्यावर आभाळ दिसू नये असे ते रान होते. पावसाळ्यात चिकण मातीत गुडघ्याएवढा चिखल होई, आणि माल बाजारात न्यायचा तर डोक्यावरून. काहींचे धीर सुटले. जे शहरात सुतारकी, लोहारकी करत वाढले होते त्यांना हे रान मानवेना. त्यातले काहीजण अमेरिकेला परतही गेले. त्यांना नावे ठेवू नयेत. ज्याने जन्मात कुदळ धरली नाही त्याला सोळा एकर रान म्हणजे शिक्षाच.

शेतीवर वाढलेले मात्र कामाला लागले. झाडे तोडायची, त्याच लाकडाची घरे उभारायची, पालापाचोळा आणि फांद्या पेटवून राखेत पेरणी करायची. आपल्याकडे सह्याद्रीत कुमरी आणि दळीची शेती होत असे, तसलाच हा प्रकार. माझ्या खात्यात उमेदीची वर्षे गेली ती अशा उताराच्या शेतीतून माती कशी वाहून जाते ते समजावण्यात, तेव्हा या पद्धतीचे गोडवे मी गाणार नाही. राखेचा जोर दोन-तीन वर्षे टिकतो, मग जमीन थकते. पण ज्याच्या हातात कुऱ्हाडीशिवाय काही नाही आणि शिधा काही महिन्यांत बंद होणार आहे, त्याला दुसरा मार्ग कुठला?

त्यांनी काय लावले? मका, केळी, कसावा म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, रताळी. यात एक शहाणपण आहे. मका तीन-साडेतीन महिन्यांत हाती येतो, त्यावर पहिली कड लागते. कसावा उशिरा येतो, पण जमिनीत राहतो आणि लागेल तसा उपटता येतो. अडचण साठवणीची. केळी पिकली की दोन-चार दिवसांत संपवावी लागतात. उपटलेला कसावाही टिकत नाही. त्या दमट हवेत मक्याला कीड लवकर धरते. नीट वाळवलेले साळीचे भात मात्र कणगीत वर्षभर राहते. घरात भात आहे म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत चुलीला घोर नाही, हे आपल्या घरच्या लक्ष्मीला वेगळे सांगायला नको.

आणि हे भात खाचरातले नव्हे. बांध नाही, चिखलणी नाही, रोप उपटून लावणी नाही. उतारावर काठीने भोके पाडायची, एकेका भोकात चार-पाच दाणे टाकायचे, माती सारायची आणि पावसावर सोडायचे. आपल्या भाषेत टोकणीचे वरकस भात. कोंडा लालसर. कापणी हाताने आणि सडणे उखळात. तिकडे याला डोंगरभात म्हणतात, आणि मोरुगा या दक्षिण किनाऱ्याच्या भागावरून 'मोरुगा डोंगरभात' असे नाव रूढ झाले आहे.

हे बी आले कोठून? आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोरडवाहू भाताची शेती फार जुनी. तिथली माणसे धरून अमेरिकेत आणली तेव्हा भाताची जाण त्यांच्याबरोबर आली. शिवाय टॉमस जेफरसन, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी १७९० मध्ये आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून डोंगरभाताचे एक पिंप मागवून दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियात वाटले होते. पाण्यात उभ्या भातशेतीत हिवतापाने माणसे मरतात, तेव्हा कोरड्यावर येणारे भात बरे, असा त्यांचा विचार. त्याच भाताचा वंश मेरिकिनांबरोबर त्रिनिदादला गेला असावा असे काही अभ्यासक मानतात. मोठ्या मळेवाल्यांनी त्या भाताकडे फारसे लक्ष दिले नाही. गुलामांनी मात्र आपल्या परसात ते जपले. विसाव्या शतकात अमेरिकेत ते जवळजवळ नाहीसे झाले. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये दक्षिण कॅरोलायनाचा एक नामांकित आचारी त्रिनिदादला गेला आणि मेरिकिनांच्या शेतात त्याने हे भात उभे पाहिले, तेव्हा तिकडे त्याची मोठी चर्चा झाली.

एक गंमत जाता जाता सांगतो. याच मोरुगाच्या नावाची एक मिरची आहे, 'मोरुगा स्कॉर्पियन', म्हणजे मोरुग्याचा विंचू. २०१२ मध्ये न्यू मेक्सिकोच्या मिरची संस्थेने ती त्यावेळची जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवली. आपल्या लवंगीने तिच्यापुढे जाऊ नये.

परत गावांकडे वळतो. सोळा एकर रान एका घराच्याने साफ होत नाही. तिथे 'गयाप' नावाची रीत आहे. आज तुझ्या रानावर सगळ्यांनी कुऱ्हाडी घेऊन यायचे, उद्या माझ्या. ज्याचे काम असेल त्याने जेवण घालायचे. आपली इर्जिक आणि सावड आठवली ना? या लोकांना ती सोपी गेली, कारण ते आधीच एका पलटणीत उभे राहिलेले, बर्म्युड्यात एकत्र राबलेले. बाप्तिस्त पंथाची त्यांची प्रार्थनाघरेही गावोगाव उभी राहिली, आणि तंटे पुष्कळदा तिथेच मिटत.

याउलट एक उदाहरण आहे. १८२४ मध्ये हैतीचे अध्यक्ष बोयेर यांनी अमेरिकेतल्या स्वतंत्र काळ्या कुटुंबांना बोलावले. येण्याचा खर्च, जमीन, सुरुवातीचा शिधा, सगळे देऊ केले. हजारो माणसे गेली. पण भाषा वेगळी, वस्ती विखुरलेली, आणि त्यांत शहरी कारागीर पुष्कळ. बरेच लोक परतले. सामाना या आखाताकाठी ज्यांनी गट करून वस्ती केली त्यांची इंग्रजी बोली आणि प्रार्थनाघर मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकले. सामाना आज डोमिनिकन प्रजासत्ताकात आहे. माझ्या मते जमिनीच्या आकड्यापेक्षा शेजार कोणाचा, याला स्थलांतरात जास्त मोल आहे.

मेरिकिनांच्या वाटेत मोठा काटा होता तो कागदाचा. जमीन दिली, कसायला सांगितली, पण मालकीचा पक्का दस्त नाही. लॉर्ड हॅरिस १८४६ मध्ये गव्हर्नर झाले. त्यांनी रस्त्यांकडे लक्ष दिले आणि दस्त करून देण्याची व्यवस्था केली. तोवर रान तोडणारी पहिली पिढी म्हातारी झाली होती, कित्येकजण गेलेही होते. रस्ता आणि कागद मिळाल्यावर पिके बदलली. कोको आला, ऊस आला. चार-पाच वर्षांनी फळणारे कोकोचे झाड जमीन आपली आहे याची खात्री असल्याशिवाय कोण लावील? पुढे त्या भागात खनिज तेल सापडले आणि काहींना जमिनीच्या भाडेपट्ट्याचे पैसेही मिळाले.

बेटावरची गुलामी १८३४ मध्ये कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये प्रत्यक्षात. म्हणजे बावीस वर्षे ही गावे गुलामांच्या मुलखात मोकळ्या शेतकऱ्यांची म्हणून उभी होती. मळ्यांवर मजुरांची ओढ पडू लागली तेव्हा ३० मे १८४५ रोजी 'फतेह अल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून भारतीय मजूर घेऊन तिथे लागले. बहुतेक उत्तरेकडचे लोक. आपल्या रत्नागिरीकडची माणसे गेली ती मॉरिशसला. त्रिनिदादच्या दलदलीत पाण्यातले भात पिकवले ते या भारतीयांनी. म्हणून त्या बेटावर दोन भाते आहेत. सखल भागात गंगेकाठच्या माणसांचे, आणि चढावर मेरिकिनांचे.

२०१६ मध्ये त्यांच्या आगमनाला दोनशे वर्षे झाली, तेव्हा समारंभ झाले. सोळा एकरांतले काही तुकडे अजून त्याच घराण्यांकडे आहेत. आज त्रिनिदादच्या बाजारात विकला जाणारा बहुतेक तांदूळ बाहेरून येतो. डोंगरभाताची शेते थोडी उरली आहेत, कारण पाखरे राखायला आणि उखळावर सडायला घरात माणूस लागते, आणि तरुण पोरे नोकरीला गेलेली असतात. जे करतात ते पावसाची पहिली ओल धरली की काठी घेऊन चढावर जातात आणि घरच्याच बियाण्याचे दाणे भोकात टाकतात.