दात सरळ होतात, पण तसेच राहतात का?

गेल्या महिन्यात आमच्या बाजारपेठेतील एक व्यापारी मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलगी चोवीस वर्षांची. पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला. "डॉक्टरसाहेब, तारा नको म्हणते. हल्ली काचेसारखी क्लिप निघाली आहे म्हणे, लावली तरी कुणाला दिसत नाही. तीन महिन्यांवर लग्न आहे. तोवर होऊन जाईल ना?"

मी दातांचा डॉक्टर नाही. पण लहान गावात कोणत्याही दुखण्याचा पहिला प्रश्न फॅमिली डॉक्टरकडेच येतो. शिवाय या बाबतीत माझ्या घरचाच एक अनुभव आहे आणि त्यात चूक माझी आहे. तो आधी सांगतो.

माझ्या मुलीला तेराव्या वर्षी तारा लावल्या. दोन वर्षे दर महिन्याला जिल्ह्याच्या गावी खेपा घातल्या. तारा निघाल्यावर दंततज्ज्ञांनी एक पट्टी दिली. सुरुवातीला दिवसरात्र, मग रोज रात्री लावायची. एका लग्नाच्या पंगतीत तिने ती कागदात गुंडाळून पानाशेजारी ठेवली आणि उष्ट्या पत्रावळीबरोबर ती गेली. नवी करून घ्यायला हवी होती. मी म्हणालो, "दात तर छान सरळ झालेत, आता कशाला?" ती पंचविशीत आली तेव्हा खालचे पुढचे दात पुन्हा एकमेकांवर चढले होते. मग दुसऱ्यांदा उपचार करावे लागले, ते या पारदर्शक अलाइनरने.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पातळ पडदा असतो. दातावर हलका पण सतत दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. दात असा हळूहळू सरकतो. तारा असोत की अलाइनर, तत्त्व हेच.

अलाइनर म्हणजे दातांवर टोपीसारखा बसणारा पातळ प्लास्टिकचा साचा. तोंडाचे माप घेऊन संगणकावर आराखडा करतात आणि एकामागून एक घालायचे साचे बनवतात. अमेरिकेत १९९७ साली स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने ही पद्धत रूढ केली. एक साचा दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतो आणि एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालायचा असतो. म्हणजे दोन मिलिमीटरसाठी आठ साचे आणि दोन ते चार महिने. बहुतेकांचे काम याहून मोठे असते. सहा महिने ते दीड वर्ष धरून चालावे. लग्नाची तारीख पाहून हाड घाई करत नाही.

"कुणाला दिसत नाही" हेही अर्धेच खरे. साच्याची पकड बसावी म्हणून काही दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात. जागा करण्यासाठी दोन दातांमधला भाग किंचित घासावा लागतो, क्वचित एखादा दात काढावाही लागतो. नवा साचा घातल्यावर दोन-तीन दिवस दात आवळल्यासारखे दुखतात. लागलीच तर पॅरासिटामॉल पुरते. इतर वेदनाशामक गोळ्या मनाने दिवसेंदिवस घेऊ नका. त्यातल्या काहींमुळे दात सरकण्याची गती मंदावू शकते. पहिले काही दिवस 'स' आणि 'श' बोबडे येतात, मग जीभ सरावते.

खरी परीक्षा पुढेच आहे. साचा दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात हवा. जेवताना काढायचा, दात घासून पुन्हा घालायचा. साचा तोंडात असताना फक्त साधे पाणी प्यायचे. गरम चहाने प्लास्टिक वाकडे होते, डाग पडतात आणि आत अडकलेली साखर दात किडवते. आपल्याकडे सकाळचा चहा, दहाचा चहा, कुणी आले की चहा! दर वेळी अर्धा तास साचा बाहेर राहिला तर हिशेब कोलमडतो. चहा नाश्त्याला आणि जेवणाला जोडून घ्या. तंबाखू-सुपारीची सवय असेल तर आधी ती सोडा. साचा काढला की डबीतच ठेवा, कागदात कधीही नाही.

उपचार सुरू करण्यापूर्वी हिरड्या तपासून घ्या. कीटण साचलेले असेल, घासताना रक्त येत असेल किंवा दात हलत असतील, तर आधी त्यावर इलाज हवा. दुखऱ्या हिरड्यांवर दात सरकवले तर ते सैल होण्याचा धोका असतो. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणा. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या चालू असतील तर दंततज्ज्ञांना जरूर सांगा.

हे काम बीडीएसनंतर दात सरळ करण्याच्या शास्त्रात एमडीएस केलेल्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे करावे. घरबसल्या माप पाठवून साचे मागवण्याच्या जाहिरातींना भुलू नका. अमेरिकेत टपालाने साचे पुरवणारी स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अनेकांचे उपचार अर्धवट राहिले. अलाइनर सहसा तारांपेक्षा महाग पडतात आणि काही अवघड दात तारांनीच नीट बसतात. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करा. तारांना कमीपणा मानू नका.

आणि शेवटची गोष्ट, जी मी स्वतः विसरलो. सरळ झालेले दात जुन्या जागी परतू पाहतात. उपचार संपल्यावर रिटेनर म्हणजे दात धरून ठेवणारी पट्टी लावावीच लागते. आधी दिवसरात्र, मग रोज रात्री, आणि तीही वर्षानुवर्षे. हरवली किंवा तुटली तर लगेच नवी करा. हा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरा.

त्या मुलीच्या हिरड्यांतून मी बोट लावताच रक्त आले. तिला आधी दात साफ करून घ्यायला आणि ऑर्थोडॉन्टिस्टांना दाखवायला पाठवले. लग्न आहे तसेच होऊ द्यावे, उपचार सावकाश सुरू करावेत, असे त्यांनीही सांगितले. मुलगी थोडी हिरमुसली, पण वडिलांना पटले.

माझी मुलगी आता पुण्यात नोकरी करते. रविवारी तिचा फोन आला की इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी विचारतो, "पट्टी लावतेस ना?" ती हसते आणि म्हणते, "बाबा, हे तेव्हा विचारायला हवं होतं." तिचे म्हणणे खरे आहे. ज्यांच्या घरी मुलांच्या तारा नुकत्याच निघाल्या आहेत, त्यांनी आज रात्रीच विचारावे.