नबाबाच्या बागेतले नंदी

मळ्यावरचा मालकाचा शातो आपल्या आजोबा-पणजोबांनी बहुधा बाहेरूनच पाहिला. त्याचा पैसा कोठून आला हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. ऊस त्यांनीच तोडला होता. इंग्लंडच्या खेड्यांतील मोठ्या वाड्यांचे तसे नाही. काहींचा पैसा बंगालचा, पण दिसतात ते फक्त उंच खांब आणि हिरवळ.

ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर खाजगी व्यापार आणि नजराणे यांवर गबर होऊन परतत. लोक त्यांना थट्टेने ‘नेबॉब’ म्हणत. आपल्या नबाबाचाच तो अपभ्रंश. फ्रान्सिस साइक्स हा मुर्शिदाबाद दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता. १७७१ साली त्याने बर्कशायरमधील बेसिल्डनची जमीन घेतली व पुढे वाडा बांधला. आदल्याच वर्षी बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली होती. तरी १७७१ चा सारा दुष्काळापूर्वीच्या १७६८ पेक्षा जास्त वसूल झाला! हे खुद्द वॉरन हेस्टिंग्जने लिहून ठेवले आहे.

ग्लॉस्टरशायरमधील सीझिनकोट मात्र आपले मूळ लपवीत नाही. ही जमीन कर्नल जॉन कॉकरेलने १७९५ मध्ये घेतली. १७९८ मध्ये तो वारला व ती भाऊ चार्ल्सकडे आली. चार्ल्स कलकत्त्याच्या एका पेढीत भागीदार होता. अशा पेढ्या कंपनीच्या नोकरांची कमाई सांभाळून विलायतेस पोचवीत. नबाबांचा सावकारच म्हणा ना! वाड्याचा नकाशा तिसऱ्या भावाने, सॅम्युअलने, केला. त्याने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. चित्रकार थॉमस डॅनियलने तिकडून आणलेली चित्रे त्याच्या उपयोगी पडली. वर तांब्याचा घुमट, मोगली छज्जे. बागेत सूर्याचे देऊळ आणि पुलावर चक्क नंदी. आत शिरावे तर सगळा थाट विलायती. हिंदुस्थान दाराबाहेरच ठेवलेला, असे आम्हाला वाटते.

याच डॅनियलने १८०५ मध्ये पुण्याच्या पेशवे दरबाराचे एक मोठे चित्र पुरे केले. टिपूविरुद्धचा १७९० चा तह त्यात आहे. सवाई माधवराव आहेत आणि कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट आहे. मॅलेटनेही विलायतेस परतल्यावर विल्टशायरमध्ये विलबरी नावाचा वाडा घेतला. दरबाराचे ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे.